पुणे-नागपूर विमानाने: आधी बॅग, मग खिडकी

पुण्याहून नागपूरला जाताना विमान हवेत असतं जेमतेम सव्वा तास. पण घराला कुलूप लावल्यापासून माहेरच्या दारात चपला काढेपर्यंत पाच तास सहज जातात. तरीही हिशेब परवडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली, तिलाही ८८१ किलोमीटरला बारा तास लागतात. तेव्हा विमानाने जरूर जा, फक्त डोकं वापरायचं ते जमिनीवर. वर गेल्यावर तुमच्या हातात फारसं काही नसतं.

तिकीट काढताना पहिली गोष्ट म्हणजे नाव. तिकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्या बायकांची इथेच पंचाईत होते: आधारवर सासरचं, मतदार कार्डावर माहेरचं आणि बुकिंग करणाऱ्या भाच्याला तिसरंच काहीतरी आठवतं. जे कार्ड बरोबर नेणार, त्यावरूनच नाव टाकायला सांगा. दुसरं म्हणजे भाड्यात काय काय धरलंय ते वाचा. काही कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त भाड्यात फक्त हातातली बॅग असते. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे, आणि ते काउंटरवर भरले तर दर किलोला काही शे रुपये. लागणार असेल तर आधीच ऑनलाइन घ्या, स्वस्त पडतं.

वेळ निवडताना मी शक्यतो सकाळचं पहिलं विमान धरते. एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरत असतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडलं की तिथून येणारं विमान अडकतं आणि आपण पुण्यात लख्ख उन्हात बसून चिडचिड करतो. उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्यायला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात दुपारी विदर्भाची जमीन तापते, गरम हवा वर उसळते आणि उतरताना विमान चांगलंच हलतं. धोका नसतो, पण पोटाला ते कोण समजावणार!

आता बॅग. जाताना काही प्रश्न नसतो, चार कपडे आणि चितळ्यांची बाकरवडी. खरी परीक्षा येताना. इकॉनॉमीत साधारण १५ किलो चेक-इनला, म्हणजे काउंटरवर द्यायच्या बॅगेत, आणि ७ किलो हातात, एवढीच मुभा. आईचं म्हणणं, "घेऊन जा ना, कुठं डोक्यावर न्यायचं आहे!" म्हणून माहेरी वजनाचा काटा काढूनच बसावं. लगेजचा काटा नसेल तर बाथरूममधल्या काट्यावर आधी नुसतं उभं राहा, मग बॅग घेऊन. वजाबाकी करा.

काय कुठे ठेवायचं, तेही सांगते. लोणचं, तूप, सावजी मसाला, तिखट हे सगळं चेक-इन बॅगेत. बरणीच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद, त्यावर झाकण, मग बरणी दोन पिशव्यांत, आणि ती बॅगेच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळून. सांडगे, कुरडया, संत्रा बर्फी हातात चालते. संत्रीही चालतात, पण मोजक्याच संत्र्यांत एक किलो संपतो. सुकं खोबरं हातातल्या बॅगेत चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. कापूर आणि काडेपेटी घरीच ठेवा. अख्खा नारळ हातात नेऊ देत नाहीत आणि चेक-इनला प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणून ओटीचा नारळ मी तिथेच फोडते आणि वड्या करून आणते. पॉवर बँकेचं बरोबर उलटं आहे. ती हातातच हवी, कारण सामानाच्या कप्प्यात बॅटरीने पेट घेतला तर तिथे कोणी पोचू शकत नाही. चेक-इन बॅगेत सापडली तर बॅग उघडायला तुम्हालाच बोलावतात, आणि मग लोणच्याची ती बांधणी पुन्हा पहिल्यापासून.

कात्री, सुरी, विळी चेक-इनला जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडकित्ता कोणाच्या ध्यानात येत नाही. मागे एकदा सुरक्षा तपासणीच्या रांगेत माझ्या पुढे एक आजोबा होते. त्यांची कापडी पिशवी मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. जवानाने पिशवीतून चंची काढली, चंचीतून पितळी अडकित्ता, आणि शांतपणे म्हणाला, "बाबा, ये नहीं जाएगा." आजोबांनी अडकित्ता एकदा उघडला, मिटला, खिशातली अख्खी सुपारी काढून जागच्या जागी कातरली, तुकडे चंचीत भरले आणि मग तो त्याच्या हातात ठेवला. रांगेतलं कोणी हूं की चूं केलं नाही.

वेब चेक-इन, म्हणजे ऑनलाइन बोर्डिंग पास काढणं, घरूनच करा, बहुतेक कंपन्यांचं ४८ तास आधी सुरू होतं. तिथे जागा निवडायच्या पानावर जवळजवळ प्रत्येक खुर्चीवर किंमत असते, आणि वाटतं की पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. जाता येतं. जागा न निवडता पुढे जायचा पर्याय बारीक अक्षरात कुठेतरी असतोच, मग मिळेल ती खुर्ची फुकट. बारा वर्षांखालच्या मुलांना एकाच बुकिंगमधल्या आई किंवा वडिलांशेजारी बसवावं, असं विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. त्यामुळे भीतीपोटी चार-चार खुर्च्या विकत घेऊ नका. खिडकीची हौस असेल तर मात्र माझा सल्ला: थंडीत जाताना ए (डावी खिडकी), येताना एफ (उजवी). दोन्ही वेळा तुम्ही उत्तरेच्या बाजूला असता, म्हणून ऊन तोंडावर येत नाही आणि खालचा मुलूख नीट दिसतो. पुढच्या रांगांसाठी जादा पैसे देण्यात मला अर्थ वाटत नाही. उतरल्यावर बस लागली तर पहिल्या रांगेतला आणि तिसाव्या रांगेतला एकाच बसमध्ये लोंबकळतात.

बरोबर वयस्कर माणूस असेल तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा, निदान ४८ तास आधी. पैसे पडत नाहीत. "मी काय लंगडा आहे का?" असं बाबा म्हणतील. म्हणू द्या. गेटपर्यंतचं अंतर त्यांनी पाहिलेलं नसतं.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दोन तास आधी पोचा. बॅग द्यायचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, विमानाचं गेट पंचवीस मिनिटं आधी, आणि इथे गयावया चालत नाही. मेट्रोने यायचं तर रामवाडीला उतरून पुढे रिक्षा. दारावर तिकीट आणि ओळखपत्र दाखवायचं. डिजियात्रा ॲप असेल तर चेहऱ्यावर काम होतं आणि बऱ्याचदा रांगही छोटी असते. पण ते सक्तीचं नाही, मी अजून आधार कार्डच दाखवते. तपासणीच्या ट्रेमध्ये फोन, लॅपटॉप, पॉवर बँक, पट्टा वेगळं काढून ठेवा. बायकांची तपासणी पडद्याआड होते. बांगड्यांवर यंत्र वाजतं, मंगळसूत्रावरही वाजतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, म्हणून विमानात चढता-उतरताना आणि खिडकीतून धावपट्टीचे फोटो काढू नका.

विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर कंपनीने खायला-प्यायला द्यायचं असतं, अडीच तासांपर्यंतच्या विमानांना हा नियम लागू आहे. आपणहून कोणी सांगत येत नाही, काउंटरवर जाऊन मागावं लागतं. मी मागते.

आत बसण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. सव्वा तासातला सुरुवातीचा आणि शेवटचा वेळ पट्टा बांधून जातो, आणि मधल्या अर्ध्या-पाऊण तासात खाण्याची गाडी नेमकी वाटेत उभी असते. त्या गाडीवरचा गरम पाण्याचा उपमा घ्यायचा तर घ्या, माझ्या डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी असते. कोरडं खाणं कोणी अडवत नाही. कानाचं मात्र लक्षात ठेवा. चढताना फारसं होत नाही, उतरताना दडे बसतात, कारण बाहेरचा दाब वाढत जातो आणि कानातली नळी पटकन उघडत नाही. उतरायला सुरुवात झाली की गोळी चघळा, आवंढे गिळा. तान्हं बाळ झोपलेलं असेल तर उठवून पाजा, झोपेत ते फारसं गिळत नाही आणि मग किंचाळत उठतं. सर्दी भरलेली असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून नाकात घालायचं औषध घ्या.

बॅगेच्या मुठीला जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधा, उतरल्यावर सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर सगळ्या काळ्या ट्रॉल्या एका आईच्या वाटतात. बॅगेवरची चिठ्ठी आणि पावतीवरचा नंबर जुळवा. चाक तुटलं असेल, कुलूप उचकटलेलं असेल तर बाहेर पडायच्या आधी तिथेच कंपनीच्या माणसाला दाखवून लेखी तक्रार नोंदवा, घरी गेल्यावर कोणी दाद देत नाही. गळलेल्या लोणच्याची भरपाई मात्र मागू नका, ते नाजूक सामानात मोडतं.