वासरांचं दूध तोडताना
अमेरिकेतल्या मोंटाना, वायोमिंगकडच्या रँचवर (गुरांच्या मोठ्या फार्मवर) ऑक्टोबर म्हणजे सहा-आठ महिन्यांच्या वासरांचं दूध तोडायचा सीझन, तर त्यांना एकदम ट्रकात भरून लांब नेऊ नका, मधे फक्त मजबूत कुंपण ठेवा म्हणजे आई दिसते, हुंगता येते पण पिता येत नाही. वासरं ओळखीच्या कुरणातच राहू द्या, हलवायचं ते गाईंना. पहिले दोन-तीन दिवस असं हंबरणं चालतं ना, रात्रीची झोप विसराच! वासरं कुंपणालाच येरझाऱ्या घालतात म्हणून सुकं गवत आणि पाण्याची टाकी तिथेच. लसी दोन-तीन आठवडे आधी उरका आणि शिंगं काढणं, खच्चीकरण वगैरे दूध तोडायच्या आठवड्यात अजिबात नको, ताणात न्यूमोनिया पटकन गाठतो.