वैयक्तिक संकेतस्थळ चालू ठेवण्यासाठी दोन सर्व्हरांची साधी मांडणी

स्वतःच्या सर्व्हरवरचे संकेतस्थळ ९९ टक्के वेळ चालू राहते असे म्हटले, तरी त्याचा अर्थ ते वर्षातून साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद असते असा होतो. ९९.९ टक्क्यांचे ध्येय ठेवल्यास बंद राहण्यासाठी वर्षाकाठी जेमतेम पावणेनऊ तास उरतात आणि दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद राहिली किंवा रस्ता खोदताना फायबर तुटली, तर ते एकाच फटक्यात संपतात. यावर मोठ्या कंपन्यांसारखा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अनेक सर्व्हरांचा समूह, उभारण्याचा मोह होतो. पण आपण जोडलेला प्रत्येक नवा भाग स्वतःही बिघडू शकतो आणि तो दुरुस्त करायला आपल्याखेरीज कोणी नसते. म्हणून येथे सांगितलेली मांडणी मुद्दाम साधी आहे: संकेतस्थळाच्या दोन पूर्ण प्रती, एकमेकींशी काहीही सामायिक नसलेल्या दोन ठिकाणी.

पहिली प्रत घरातील लहान संगणकावर आणि दुसरी एखाद्या डेटा सेंटरमधील भाड्याच्या स्वस्त सर्व्हरवर ठेवावी. दोन्ही संगणक घरातच ठेवून एका राउटरला जोडले, तर वीज आणि इंटरनेट एकच राहते आणि दुसऱ्या संगणकाचा फारसा उपयोग होत नाही. कीपअलाइव्हडसारखी साधने एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्राला ओळखणारा क्रमांक, दोन यंत्रांमध्ये फिरता ठेवतात, परंतु ती एकाच नेटवर्कमध्ये काम करतात. दोन वेगळ्या जागांसाठी ती निरुपयोगी आहेत. घरच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ (जुन्या, प्रचलित प्रकारचा आयपी) पत्ता आहे का, हे आधी तपासावे. सेवादाता एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटत असेल, तर बाहेरून आलेली विनंती घरापर्यंत पोहोचणार नाही. अशा वेळी भाड्याच्याच सर्व्हरमधून वायरगार्डचा बोगदा (दोन यंत्रांमधला खासगी मार्ग) काढून घरची प्रत चालवू नये, कारण मग दोन्ही प्रती त्या एका सर्व्हरवर अवलंबून राहतात. त्यापेक्षा दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन लहान सर्व्हर भाड्याने घेणे अधिक चांगले.

मजकूर दोन्हीकडे सारखा ठेवणे हा खरा कळीचा भाग आहे आणि संकेतस्थळ स्थिर, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या, फाइलींचे असेल, तर तो आश्चर्यकारक वाटावा इतका सोपा होतो. ह्यूगोसारख्या साधनाने आपल्या लॅपटॉपवर संपूर्ण स्थळ तयार करावे आणि आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या साधनाने ते दोन्ही सर्व्हरांवर स्वतंत्रपणे पाठवावे. आरसिंक केवळ बदललेला भाग पाठवते, त्यामुळे दोनदा पाठवण्याचा भार नगण्य असतो. जुन्या फाइली काढून टाकणारा डिलीट पर्याय वापरण्यापूर्वी ड्राय रन, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता तालीम, करून काय पुसले जाणार आहे ते पाहावे. दोन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून सारख्याच तत्परतेने नाहीशी होते, म्हणून जुन्या आवृत्त्या सांभाळणारा बॅकअप वेगळाच हवा.

डेटाबेस आला की प्रश्न अवघड होतो. दोन्ही सर्व्हरांवर लेखनाला परवानगी दिली आणि त्यांच्यातील संपर्क तुटला, तर दोघे आपापल्या परीने वेगळी नोंद करत राहतात आणि नंतर ती एकत्र जुळवणे जवळपास अशक्य होते. हे टाळण्यासाठी बहुमताने निर्णय घेणारी किमान तीन यंत्रे लागतात. वैयक्तिक स्थळासाठी माझा स्पष्ट सल्ला असा, की वाचनाची पाने स्थिर ठेवावीत, प्रतिक्रियांसारखा लेखनाचा भाग एकाच सर्व्हरवर ठेवावा आणि तो काही तास बंद राहिला तरी चालेल हे मनापासून मान्य करावे.

आता वाचकाला योग्य प्रतीकडे नेण्याचे काम डीएनएसकडे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडे, सोपवावे. डोमेनच्या नावापुढे दोन ए नोंदी, म्हणजे दोन्ही सर्व्हरांचे पत्ते लिहावेत आणि टीटीएल, म्हणजे हे उत्तर इतरांनी साठवून ठेवण्याचा काळ, ३०० सेकंद ठेवावा. पहिल्या पत्त्यावर जोडणी झाली नाही, तर आजचे ब्राउझर दुसरा पत्ता आपणहून वापरून पाहतात. या सोयीला दोन मर्यादा आहेत. सर्व्हरने जोडणी तत्काळ नाकारली तर बदल क्षणात होतो, पण वीज गेल्यामुळे तो गप्पच राहिला तर वाचकाला बराच वेळ ताटकळावे लागते. आणि सर्व्हर जिवंत असून ५०० क्रमांकाची (सर्व्हरच्या आतील बिघाडाची) त्रुटी देत असेल, तर ब्राउझर ते उत्तर मानतो आणि दुसरीकडे वळत नाही.

म्हणून एक पहारेकरी, म्हणजे तपासणी करणारी स्क्रिप्ट, लागतो, आणि तो या दोन्ही सर्व्हरांपासून वेगळ्या, तिसऱ्या ठिकाणी असावा. दर मिनिटाला प्रत्येक सर्व्हरवरचे एक ठरावीक पान मागवावे, त्यात अपेक्षित शब्द आहे का ते पाहावे आणि सलग तीन वेळा अपयश आल्यास डीएनएस कंपनीच्या एपीआयद्वारे (प्रोग्रॅममधून आज्ञा देण्याच्या सोयीने) त्या सर्व्हरची नोंद काढावी. या स्क्रिप्टमध्ये एक नियम अटळ असावा: शेवटची उरलेली नोंद कधीही काढायची नाही. पहारेकऱ्याचेच इंटरनेट गेले, तर त्याला दोन्ही सर्व्हर मेलेले दिसतील आणि हा नियम नसेल तर तो चांगले चाललेले स्थळ स्वतः बंद पाडेल. आयपीव्ही६च्या (नव्या प्रकारच्या आयपी पत्त्यांच्या) नोंदी असतील, तर त्यांचीही तपासणी स्वतंत्रपणे करावी. सर्व्हर परत आल्यावर त्यावरचा मजकूर ताजा आहे याची खात्री झाल्यानंतरच त्याची नोंद पुन्हा घालावी.

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था देत असलेल्या सुरक्षित जोडणीच्या (एचटीटीपीएस) प्रमाणपत्रासाठी दोन पत्ते असताना एचटीटीपी-०१ पद्धत, म्हणजे संकेतस्थळावरील फाइल पाहून केलेली पडताळणी, अडचणीची ठरते, कारण पडताळणीची विनंती भलत्याच सर्व्हरकडे जाऊ शकते. डीएनएस-०१ पद्धतीत पडताळणी डीएनएसमधील टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीवरून होते, त्यामुळे दोन्ही सर्व्हर आपापले प्रमाणपत्र स्वतंत्रपणे मिळवू शकतात. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५मध्ये बंद केली आहे, म्हणून मुदतीची तपासणीही पहारेकऱ्याकडेच द्यावी. डोमेनच्या बाबतीत कार्डावरून आपोआप होणाऱ्या नूतनीकरणावर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांसाठीचे नियम ऑक्टोबर २०२१पासून कडक झाले आहेत आणि परदेशी विक्रेत्याकडील असा व्यवहार नाकारला जाऊ शकतो. डॉट कॉम डोमेन एका वेळी १० वर्षांपर्यंत नोंदवता येते, तेव्हा काही वर्षांचे पैसे आधीच भरावेत.

सारे जुळल्यावर घरच्या सर्व्हरची नेटवर्क केबल काढावी, मोबाइल डेटावरून स्थळ उघडावे आणि नोंद निघायला किती वेळ लागतो ते मोजावे. मग केबल परत जोडून त्यावरचा वेब सर्व्हर हा प्रोग्रॅम तेवढा बंद करावा, त्यानंतर भाड्याच्या सर्व्हरवर हेच करावे. शेवटी घरच्या संगणकाची वीज थेट तोडून पुन्हा द्यावी आणि कोणीही बटण न दाबता तो सुरू होतो का ते पाहावे. होत नसेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतताच सुरू होण्याची सोय चालू करावी. ही चाचणी दर तीन महिन्यांनी आणि मांडणीत कोणताही बदल केल्यावर पुन्हा करावी.