तार उभी राहते, पण भाडं कोण भरतं?

पॉवर सिस्टीममध्ये एमटेक करणाऱ्या मुलांचे मेसेज येतात. प्रश्न बहुतेक एकच: "मॅडम, शेजारी देशांशी ग्रिड (विजेच्या तारांचं जाळं) जोडण्याच्या कामात यायचंय, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" सॉफ्टवेअर कुठलंही चालतं, दोन महिन्यांत हात बसतो. माझी फजिती झाली ती वेगळ्याच गोष्टींवर.

पहिल्या नोकरीत भारत-नेपाळ लाइनचा लोड फ्लो, म्हणजे कुठल्या तारेतून किती वीज वाहील याचा हिशोब, केला होता. नेपाळची अख्खी ग्रिड मी एका बसवर (जाळ्यातल्या एका जोडबिंदूवर) एक जनरेटर लावून उरकली. सरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "हा पावसाळा आहे की हिवाळा?" मला प्रश्नच कळला नाही. नेपाळचे बहुतेक जलविद्युत प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात, मोठा साठा नाही. पावसाळ्यात वीज उतू जाते आणि भारताकडे येते. हिवाळ्यात नद्या रोडावल्या की त्याच तारेतून उलटी वाहते. म्हणजे हिशोब किमान दोन हवेत, दोन्ही ऋतूंचे. मग सरांचा दुसरा प्रश्न आला: "आणि या लाइनचं भाडं कोण भरणार?" भाडं म्हणजे लाइन वापरण्याचे पैसे. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी या कामात रुतले ती रुतलेच.

नेपाळमधलं ढलकेबर ते बिहारमधलं मुझफ्फरपूर या लाइनचंच बघा. लाइन ४०० केव्हीची (किलोव्होल्ट), पण २०१६ मध्ये चार्ज झाली, म्हणजे तिच्यात वीज सोडली, ती १३२ केव्हीवर, कारण ढलकेबरचं सबस्टेशन तयार नव्हतं. २०१८ मध्ये २२० केव्ही आणि पूर्ण ४०० केव्ही व्हायला २०२० उजाडलं. टॉवर उभे, तारा ओढलेल्या, आणि वीज जाते क्षमतेच्या तुकड्याइतकी. तरी ही लाइन उभी राहिली, कारण नेपाळ विद्युत प्राधिकरणाने तिची क्षमता आधीच लांब मुदतीसाठी राखून भाड्याची हमी घेतली. अशी हमी नसेल तर बँक दारात उभं करत नाही, आणि दोन सरकारांची इच्छा कागदावरच राहते.

पैसा कुठून येतो ते शिकताना एकच साचा शोधू नका, प्रत्येक जोडणीची कुंडली निराळी. भूतानचा चुखा प्रकल्प भारताच्या पैशांतून झाला, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. बांगलादेशाची ग्रिड भारताशी जोडणाऱ्या तिथल्या भेडामाराच्या स्टेशनला आशियाई विकास बँकेचं कर्ज. नेपाळमधलं बुटवल ते उत्तर प्रदेशातलं गोरखपूर या लाइनचा नेपाळी भाग अमेरिकेच्या ५० कोटी डॉलरच्या अनुदानातून व्हायचा. करार २०१७चा, पण नेपाळच्या संसदेची मंजुरी आली २०२२ मध्ये. अनुदान फुकट असतं हा समज त्या पाच वर्षांत माझा तरी गेला.

भेडामाराची भानगड समजून घ्या, मुलाखतीत हमखास विचारतात. नेपाळ-भूतान आपल्या ग्रिडशी थेट, एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडलेले आहेत. बांगलादेशशी मात्र २०१३ पासून मोठी देवाणघेवाण बॅक-टू-बॅक एचव्हीडीसीने (उच्च दाबाच्या डीसीने) होते: एकाच आवारात एसीचं डीसी आणि लगेच पुन्हा एसी, म्हणजे एकीकडची गडबड दुसरीकडे जात नाही. आपल्याकडे दक्षिणेची ग्रिडसुद्धा अशाच जोडांवर वेगळी होती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन चार्ज झाली आणि देशभर एक फ्रिक्वेन्सी आली. मी सोलापूरची, त्यामुळे हे जरा मोठ्याने सांगते.

गेट ही इंजिनिअरिंगची राष्ट्रीय परीक्षा द्या, पॉवरग्रिड या सरकारी वीजवहन कंपनीची भरती त्यातूनच होते. पण सोबत केंद्रीय विद्युत नियामक आयोगाचे २०१९ चे सीमापार व्यापाराचे नियम बसून वाचा. नेपाळला 'वीज विकायची' मुभा सरसकट मिळत नाही, प्रकल्पागणिक मंजुरी लागते. २०२१ मध्ये भारतातल्या वीज एक्स्चेंजवर (विजेच्या बाजारात) पहिली विक्री झाली ती त्रिशूली आणि देवीघाट या दोनच प्रकल्पांची, मिळून ३९ मेगावॉट. दोन्ही भारताच्या मदतीने बांधलेले, हा योगायोग नव्हे. चिनी गुंतवणुकीच्या प्रकल्पांची वीज इथे अडते. लोड फ्लोमध्ये हे कुठेच दिसत नाही. आणि नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतातून बांगलादेशला पाठवायला तीन देशांच्या सह्या लागल्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये.

आता एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. आपल्याकडे विजेच्या हिशोबासाठी दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं, म्हणजे बरोबर एक ब्लॉक. बांगलादेशचं ३० मिनिटं, दोन ब्लॉक. नेपाळचं आर्थिक वर्ष श्रावणात सुरू होतं, तेही विक्रम संवतात, आपलं एप्रिलपासून. मी एकदा महिनाभराची शीट एक ब्लॉक सरकलेली ठेवून हिशोब जुळवत बसले होते. संध्याकाळचा चढ दर तासाला थोडासा चुकत होता आणि मी दोष मीटरला देत होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक शीटच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं: वेळ भारतीय की नेपाळी.