जर्मनीत वर्षभरासाठी आलात? आधी हे करा

आम्ही दोघं शनिवारी रात्री पोचलो आणि रविवारी सकाळी चहाला दूध नाही, कारण इथे रविवारी दुकानं बंद असतात, मग नवरा कुडकुडत मोठ्या रेल्वे स्टेशनवर गेला, तिथली दुकानं उघडी असतात. म्हणून शनिवारीच किराणा भरून ठेवा.

घर मिळालं की 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, त्यामुळे लगेच बुक करा आणि घरमालकाकडून राहत असल्याचं सहीचं पत्र आधीच घेऊन ठेवा, नाहीतर परत पाठवतात (आम्हाला पाठवलं 😅).

प्लास्टिकच्या बाटल्या, कॅन फेकू नका हं! बहुतेकांवर 25 सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची. आमची कोथिंबीर त्यातच निघते.

पोळ्यांसाठी 405 नंबरचं पीठ घेऊ नका, तो मैदाच, पोळ्या चिवट होतात. इंडियन स्टोअरमधून आटा आणा.

आणि फोडणी देताना खिडकी सताड उघडा, थंडी असली तरी. हिंग-मोहरीचा वास कोटांना महिनाभर सोडत नाही, कोट बेडरूममध्ये ठेवून दार लावून घ्यायचं. रात्री 10 नंतर मिक्सर नको, चटणी आधीच वाटा.