मुंज ठरलीय? मग आधी बटूची तयारी करा

हॉल आणि केटररचं सगळेच सांगतात, मी पोराबद्दल सांगते. गेल्या मे महिन्यात माझ्या लेकाची मुंज झाली, त्यातून शिकलेय. वय म्हणाल तर आठवं वर्ष, गर्भापासून मोजलं तरी चालतं, आणि मुहूर्त उत्तरायणातले असल्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी बरी पडते.

महिनाभर आधीच गुरुजींकडून संध्येतली (मुंजीनंतर रोज करायची ती उपासना) विष्णूची 24 नावं मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, केशवाय नमः, नारायणाय नमः अशी, आणि रोज रात्री जेवणाआधी चार-चार म्हणून घ्या, पाठ झाली की पुढची. गायत्री मात्र आधी पाठ करून घेऊ नका प्लीज, ती त्या दिवशी शालीखाली वडिलांनीच सांगायची असते, आधी एकेक चरण, मग अर्धी, मग पूर्ण. आमचा शालीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा इतका गंभीर होता की मला रडूच आलं.

मुंडनाचं आठवडाभर आधी नीट सांगा, शेंडी राहणार, शाळा उघडेपर्यंत केस येतील वगैरे. ऐनवेळी वस्तरा बघून मुलं बिथरतात. लंगोटीची पण लाज वाटते, आत शॉर्ट घालू द्या, कुणाचं काही बिघडत नाही.

मातृभोजन घाईत उरकू नका. आईच्या ताटात जेवायची ही शेवटची वेळ मानतात, म्हणून फोटोग्राफरला लांब उभं करा आणि पोराच्या आवडीचं वाढा. मी साधा तूप-मेतकूट-भात कालवला होता, तो म्हणाला अजून एक घास दे, आणि गुरुजी थांबले बिचारे.

भिक्षावळीत पहिली भिक्षा आईची. "ॐ भवति भिक्षां देहि" मोठ्याने म्हणायची प्रॅक्टिस घरीच करून घ्या. झोळी जड होते, मागे मामाला उभं करा.

मुलीची करायची असेल तर तीही होते, पुण्यात ज्ञानप्रबोधिनी या संस्थेचे पुरोहित करतात.

दुसऱ्या दिवसापासून संध्येला बाबांनी शेजारी बसायचं, निदान पहिले काही महिने तरी, नाहीतर पळी-पंचपात्र आठवड्यात कपाटात जातं. आमच्याकडे सकाळी साडेसहाला दोघं बसतात, नावं चुकली की लेकच बाबांना सांगतो.