‘दुप्पट’ म्हणणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तक्रार कशी करावी

दुसऱ्या मालाशी तुलना करणारी जाहिरात आपल्याकडे बेकायदा नाही, हे आधी पक्कं करा. ‘प्रतिस्पर्ध्याला नावं ठेवली’ ही तक्रार ग्राहकाने करायची नसते. ती लढाई कंपन्या आपापल्या वकिलांकरवी लढतात. २०१० साली रिनने जाहिरातीत टाइडचं पाकीट सरळ दाखवलं, ते प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं. २०१७ मध्ये आइस्क्रीम आणि फ्रोजन डेझर्टच्या तुलनेवरून अमूल आणि हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात समोरासमोर आले. तिथे मुद्दा बदनामीचा होता. आपला मुद्दा वेगळा आहे: केलेला दावा खरा आहे का, आणि त्याचा पुरावा कुठे आहे?

जाहिरात जपून ठेवा: फोटो किंवा रेकॉर्डिंग, तारीख, वाहिनी, वेष्टनाच्या सगळ्या बाजू आणि बिल.

आता खरं काम. तुलना कशाशी केली आहे, ते शोधा. मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला, आणि बहुतेकांच्या तक्रारी इथेच बारगळतात.

भांडी घासायच्या साबणाची एक वडी घ्या. समोर ठळक अक्षरांत ‘दुप्पट चिकटपणा काढते’, आणि ‘दुप्पट’च्या डोक्यावर बारीक चांदणी. तिचा खुलासा मागच्या बाजूला, वेष्टन दुमडून चिकटवलेल्या कडेला, निम्मा घडीत गेलेला. घडी नखाने उलगडली की वाचता येतं: ‘साध्या पाण्याने धुण्याच्या तुलनेत’. साध्या पाण्यापेक्षा कोणताही साबण सरसच ठरणार. म्हणजे शब्दाला शब्द खरा, पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला वाटतं ते खोटं. तो तर शेजारच्या साबणाशी तुलना समजून जास्त पैसे मोजतो. तक्रारीत हे दोन अर्थ समोरासमोर मांडायचे.

‘पर्यंत’, ‘प्रयोगशाळेतील चाचणीनुसार’, ‘आमच्याच जुन्या उत्पादनाच्या तुलनेत’ हे शब्द दिसले की थांबा. सर्वेक्षणाचा हवाला असेल तर कोणाला विचारलं आणि कुठे, ते बघा. ‘जगभरातले दंतवैद्य शिफारस करतात’ असं सेन्सोडाइनची जाहिरात सांगत होती. कंपनीने पुढे केलेली सर्वेक्षणं भारतातल्या दंतवैद्यांची निघाली. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिला १० लाख रुपये दंड केला.

त्याच वर्षी जूनमध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आली. खुलाशाने दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करता येत नाही, आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, असं ती सांगतात. मराठी दाव्याखाली इंग्रजी खुलासा असेल तर तोही मुद्दा लिहा.

मजकूर एवढाच पुरे: ‘वेष्टनावर अमुक दावा आहे. वाचणाऱ्याला ही तुलना इतर साबणांशी आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती साध्या पाण्याशी आहे. चाचणी कोणी, कधी, कशावर केली, याचा पुरावा कंपनीकडून मागवावा.’ एका तक्रारीत एकच दावा. ‘लुटारू’, ‘महाघोटाळा’ असले शब्द काढून टाका. त्यांनी मुद्दा दबतो. आणि घरी प्रयोग करून निकाल जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. तुमच्या प्रयोगातल्या चुका काढण्यातच कंपनी वेळ घालवेल. दावा तिने केला आहे, सिद्धही तिनेच करायचा.

कंपनीला समाजमाध्यमावर टॅग करून गप्प बसणं हाही वाईट सल्ला. माफीचं एक छापील उत्तर येतं आणि जाहिरात चालूच राहते. त्यापेक्षा मुंबईतल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ‘ॲस्की’कडे, ऑनलाइन तक्रार करा; ग्राहकाला शुल्क नाही. ही जाहिरात क्षेत्राने स्वतःच उभारलेली संस्था आहे. ती जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते, दंड करू शकत नाही. दंडाचा अधिकार प्राधिकरणाला आहे. त्याच्यासाठीची तक्रार आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी देता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम १७ पाहा. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. स्वतःची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.

तक्रार पोचली की कंपनीच्या माणसाचा गोड फोन येऊ शकतो: पैसे परत देतो, भेटवस्तूंचा खोका पाठवतो, तेवढी तक्रार मागे घ्या. घेऊ नका. तुमचे चाळीस रुपये परत आले तरी तेच वेष्टन गावोगावच्या दुकानांत लागलेलं असतं, आणि तुमच्यानंतरचा माणूस तेच वाचून ते विकत घेतो. उत्तर लेखी मागा.

तक्रार क्रमांक जपून ठेवा. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी काही महिन्यांनी दुकानात जाऊन नवं वेष्टन उलटून बघा. शब्द फिरवून तोच दावा आला असेल तर जुना क्रमांक घालून पुन्हा तक्रार करा. पहिल्या वेळी दंडाची मर्यादा १० लाख आहे, पुढच्या उल्लंघनाला ती ५० लाखांवर जाते.