स्टॅटिक रूट टाकला, पिंग लागतो, तरी पेज उघडत नाही

मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे. त्याच्याच स्विचला दुसरा राउटर जोडलाय, १९२.१६८.१.२ वर, आणि त्याच्या मागे १९२.१६८.२०.०/२४ हे नेटवर्क आहे असं धरू.

मुख्य राउटरवर स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहून दिलेली वाट, असा भरा: डेस्टिनेशन १९२.१६८.२०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२. गेटवेच्या रकान्यात २०.१ टाकायची चूक सर्रास होते (इथून पुढे पत्त्यांच्या सुरुवातीचं १९२.१६८ गाळलंय). गेटवे हा राउटरला थेट पोचता येईल असाच पत्ता लागतो. १.२ हा पत्ता डीएचसीपीच्या, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या, पूलबाहेर ठेवा. दुसऱ्या राउटरचा डिफॉल्ट रूट १.१ कडे वळवा आणि त्याचं नॅट (पत्ते बदलून पुढे पाठवणं) बंद करा. नॅट चालू राहिलं तर मागची सगळी यंत्रं १.२ याच एका पत्त्याने दिसतात, मग फायरवॉलमध्ये पत्त्यांची रेंज लिहून उपयोग काय?

मुख्य राउटरच्या फायरवॉलमधला लॅनचा तयार नियम बहुधा फक्त १.०/२४ ला वाट देतो. २०.०/२४ तिथेही घाला आणि आउटबाउंड नॅटमध्येही (इंटरनेटकडे जातानाचं नॅट). एक जागा विसरली की त्या नेटवर्कला इंटरनेट मिळत नाही.

फायरवॉलच्या नियमासाठी पत्त्यांची रेंज ठरवताना १०० ते १५० असे गोल आकडे मोहात पाडतात. सीआयडीआरमध्ये, म्हणजे १.०/२४ सारख्या तिरप्या रेघेच्या पद्धतीत, लिहायला गेलात की त्याचे सात तुकडे पडतात: १००/३०, १०४/२९, ११२/२८, १२८/२८, १४४/३०, १४८/३१ आणि १५०/३२. त्यापेक्षा कॅमेरे, प्रिंटर यांना आधीच ६४ ते १२७ मध्ये बसवा. १९२.१६८.१.६४/२६ एवढी एकच ओळ पुरते.

आता खरी मेख, पिंग लागूनही पेज का उघडत नाही ती. १.५० वरचा पीसी २०.१० कडे निघतो. त्याचा गेटवे १.१, म्हणून पहिलं पॅकेट मुख्य राउटरकडे जातं आणि तिथून १.२ कडे. उत्तर मात्र १.२ वरून थेट पीसीकडे येतं, कारण दोघं एकाच नेटवर्कात आहेत. जोडणी सुरू होताना पीसी सिन पाठवतो, समोरून सिन-ॲक येतं, मग पीसी ॲक पाठवतो; यातलं फायरवॉलला सिन दिसलं, सिन-ॲक दिसलंच नाही. पुढचं ॲक त्याला अवैध वाटतं आणि तो ते टाकून देतो. पिंगला असा हस्तांदोलनाचा सोपस्कार नसतो, म्हणून तो बिनदिक्कत लागतो आणि आपण भलतीकडे शोधत बसतो.

एकाच इंटरफेसवरून येऊन परत जाणाऱ्या ट्रॅफिकला तपासणीतून वगळण्याची सोय काही फायरवॉलमध्ये असते. ती मलमपट्टी झाली. पक्का उपाय म्हणजे दुसरा राउटर लॅनच्या स्विचवरून काढून मुख्य राउटरच्या वेगळ्या पोर्टला किंवा व्हीलॅनला (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) जोडणं. त्या जोडणीला १९२.१६८.२.०/३० द्या: मुख्य राउटरकडे २.१, दुसऱ्याकडे २.२. रूटचा गेटवे आता २.२, दुसऱ्या राउटरचा डिफॉल्ट रूट २.१, आणि २०.०/२४ चा परवानगीचा नियम या नव्या इंटरफेसवर हलवा. जाणं-येणं दोन्ही फायरवॉलमधूनच होतं.

एवढं करूनही विंडोजचं शेअर्ड फोल्डर उघडलं नाही, तर ते फोल्डर असलेल्या २०.०/२४ मधल्या यंत्राची स्वतःची फायरवॉल बघा. फाइल शेअरिंगच्या नियमाचा स्कोप तिथे बऱ्याचदा ‘लोकल सबनेट’ (त्याचं स्वतःचं नेटवर्क) एवढाच असतो, त्यात १९२.१६८.१.०/२४ जोडा.